आठे दुखस

मे महिन्यातली दुपार. मी गच्चीवर बिबड्या सोडवत होते. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाच्या बिबड्या ओल्या फडक्यावर थापल्या की पहिल्या दिवशी कापडाला घट्ट धरून बसतात. दुसऱ्या दिवशी कापड उलटं करून पाठीमागून पाण्याचा हबका मारायचा, आणि मग कडेने एकेक हलक्या हाताने सोडवायची. धुळ्याच्या उन्हात हे काम पटापट करावं लागतं, नाहीतर पाणी मारलेलं कापड पुन्हा वाळून जातं. पायाखालचा कोबा तापलेला, डोक्यावर ओला टॉवेल. आणि एकदम गल्ली गप्प झाली. उन्हाळ्यात आमच्या देवपुरात लाईट गेल्याचं असं कळतं: घराघरातले कूलर एकाच क्षणी थांबतात आणि इतका वेळ ज्या घरघरीकडे लक्षही नव्हतं, तिची जागा रिकामी होते. 'गेली लाईट' एवढंच मनात आलं. मी पुढची बिबडी सोडवायला घेतली.

खाली दिवाणावर माय बसली होती. तिच्या दोन्ही पायांत मांडीपर्यंतचे ते काळे, हवेचे बूट होते. मीच चढवले होते, मीच बटण दाबलं होतं, तीस मिनिटं लावून वर आले होते. लाईट गेली म्हणजे यंत्र बंद पडलं, बंद पडलं म्हणजे बूट सैल झाले, असं मी गृहीत धरलं असावं. असावं म्हणते, कारण खरं सांगायचं तर मी त्याचा विचारच केला नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी टोपलं घेऊन खाली आले. माय तशीच बसलेली, हात मांडीवर, नजर दाराकडे. कपाळावर घामाचे थेंब. मी सहज बुटाला हात लावला आणि हात तसाच राहिला. बूट सायकलच्या भरलेल्या ट्यूबसारखा टणक होता. हवा भरलेली असताना लाईट गेली होती आणि हवा जागच्या जागी अडकून बसली होती. मी आधी चेन ओढायला गेले. आतून दाब असल्यामुळे चेन एक दातसुद्धा सरकेना. मग नळी उपटली. फुस्स करून हवा गेली, बूट खाली बसला, चेन निघाली. आत मायचे पाय पांढरट पडलेले, गार. साडीच्या चुण्या पोटरीवर दोरीने करकचून बांधल्यासारख्या उमटलेल्या. पायाच्या बोटांत जोडवी रुतून बसली होती आणि त्यांच्या पुढचं बोट काळसर दिसत होतं. मी बोटं चोळत राहिले. रंग परत यायला वेळ लागला; किती, ते मी मोजलं नाही, मला तो फार मोठा वाटला.

"माय, हाक नाही का मारायची?"

"माले वाटनं, मशीनच तशी शे," ती म्हणाली.

या गोष्टीला आता वर्ष होईल. पायांना काही झालं नाही, संध्याकाळपर्यंत वळही गेले. पण ते वाक्य मात्र गेलेलं नाही. स्वयंपाक करताना, रिक्षात बसल्यावर, रात्री दिवा मालवल्यावर ते येतं. 'माले वाटनं, मशीनच तशी शे.'

हे बूट पुण्याहून भावाने पाठवले होते. तो पळतो, शर्यतींमध्ये भाग घेतो, त्याच्या ग्रुपमधले सगळेजण लांब पळून आले की असे बूट घालून अर्धा तास पडून राहतात. दिवाळीत घरी आला तेव्हा मायच्या पायांची सूज बघून त्याला राहवलं नाही. घोट्यापाशी अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागायचा नाही. त्याने प्रेमानेच पाठवले. मीही प्रेमानेच लगेच वापरायला काढले. डॉक्टरांना विचारावं असं दोघांच्याही मनात आलं नाही, कारण हे औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसती हवा भरायची आणि सोडायची, त्यात काय विचारायचं? चार-पाच दिवसांत मी दाबाचा आकडा वाढवत गेले. चाळीसला विचारलं, "माय, कळतंय का काही?" ती म्हणाली, "काही नही." साठला विचारलं, तेच. त्या दुपारी यंत्र ऐंशीवर होतं.

घरात पाय दाबण्याची गोष्ट मला नवीन नाही. शिंदखेड्याकडच्या आमच्या घरी आजीचे, म्हणजे आप्पांच्या आईचे पाय रोज रात्री माय दाबायची. दिवसभर पोटाला झोळी बांधून, वाकून कापूस वेचून आल्यावर, भाकरी थापून झाल्यावर, भांडी आवरल्यावर. आजी खाटेवर, माय पायथ्याशी. कधी मला उभं करायची आजी, पोटरीवर चालायला लावायची, मी भिंतीला हात धरून तिच्या पायांवर पावलं टाकायचे. आजीचा आवाज कडक आणि स्पष्ट: "आठे नही, तठे. जोरमा. बस." कुठे, किती आणि कधी थांबायचं, तिन्ही गोष्टी ती सांगायची. दाबणाऱ्याला शंका राहायची नाही. मायचे पाय मात्र त्या घरात कोणी दाबल्याचं मला आठवत नाही. आप्पा चांगला माणूस आहे, आयुष्यात कधी तिच्यावर हात उगारला नाही, पण बायकोचे पाय नवऱ्याने दाबायचे ही गोष्ट त्या काळी त्या गल्लीत कोणाच्या डोक्यातही आली नसती.

फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वेगळं असायचं. आखाजीला माहेरवाशिणी माहेरी जातात, आम्हीही मामाच्या गावी जायचो, साक्रीकडे, पांझरेच्या काठाला. दिवसा झाडाला बांधलेले झोके, गाणी, गौराई. रात्री ओट्यावर गोधड्या. एका रात्री मला जाग आली तेव्हा मोठीमाय, मायची आई, काशाची वाटी तुपात बुडवून मायच्या तळपायांना घासत होती. काशाची वाटी घासली की तळपायाचं तूप काळं होतं, उष्णता निघाली असं म्हणतात. चांदणं होतं, वाटीची कड चमकत होती, वाटीचा चर्र चर्र आवाज. आणि माय बोलत होती. मला तो आवाज ओळखू येईना. घरात तो मी कधी ऐकला नव्हता, बारीक, लाडका, तक्रारीचा. "आठे... आठे दुखस, माय. अजून जरासं." मी डोळे मिटून पडून राहिले. आपली आई कोणाला तरी माय म्हणते, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं. आज वाटतं, तिला दुखलेलं सांगायला जगात एकच जागा होती, आणि ती वर्षातून आठ-दहा दिवसच उघडायची.

मोठीमाय जाऊन पंचवीस वर्षं झाली.

त्या दुपारनंतर मी मायला रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आधी न्यायला हवं होतं, तेही त्यांनी तसं स्पष्टच सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो यंत्राचा नव्हता. सूज कशाची आहे? दोन्ही पायांना सारखी की एकाच पायाला? एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि अशा पायाला हवेचा बूट चढवला तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. उताणं झोपल्यावर दम लागतो का? हृदय आधीच थकलेलं असेल तर पायातलं पाणी एकदम वर ढकलणं म्हणजे थकलेल्या बैलाला आणखी एक पोतं. मग डॉपलर झाली, म्हणजे पायांतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी. थंडगार जेल, काळ्या पडद्यावर लाल-निळे ठिपके. गुठळी नव्हती. शिरांमधल्या झडपा सैल झाल्या होत्या, रक्त वर जाता जाता मागे घसरत होतं. मग दंडावरचा आणि घोट्यावरचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढलं. ०.९ च्या खाली आलं तर पायाकडे जाणारी रक्तवाहिनीच अरुंद झालेली असते, आणि ती जास्त अरुंद झालेल्या पायाला बाहेरून आवळणं म्हणजे त्याचं आहे तेही रक्त अडवणं. मायचं ठीक निघालं. शेवटी त्यांनी गोळ्यांची पिशवी उलटी केली आणि रक्तदाबाच्या गोळीवर बोट ठेवलं. अॅम्लोडिपिन. या गोळीने कित्येकांचे घोटे सुजतात, म्हणाले, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला, मनाने बंद करू नका. ती गोळी पुढे बदलली गेली आणि महिन्याभरात सूज बरीचशी आपोआप उतरली. त्या वेळी मात्र मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: आम्ही सुजेवर ऐंशीचा दाब टाकत होतो आणि सुजेचं एक कारण रोज सकाळी मीच तिच्या तळहातावर ठेवत होते.

त्यांनी टेबलावर बोटाने रेघ ओढून मला समजावलं. हृदय रक्त खाली पाठवतं, ते सोपं. परतीचा चढ अवघड. माणूस स्थिर उभा असला की घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत जातो, आणि तोच माणूस चालायला लागला की तो तीसच्या आसपास उतरतो, कारण पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला शीर पिळून रक्त वर ढकलतो. झडपा चांगल्या असतील तर ते वरच राहतं. बुटाचं काम तेच. पावलापासून सुरू करून एकेक कप्पा फुगतो, खालचा आवळलेला असतानाच वरचा भरतो, आणि मग सगळे एकदम सैल होतात. सैल होणं हा त्यातला निम्मा भाग आहे, ते म्हणाले. आवळून धरलं आणि सोडलं नाही, तर शिरा पुन्हा भरणार कशा? मग ते यंत्र राहत नाही, ती नुसती दोरी होते.

हे ऐकताना मला मायच्या वडिलांची आठवण आली. ते पाटकरी होते. पांझरेवरची फड पद्धत ३०० वर्षांहून जुनी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कोणाला किती आणि कधी, ते गाव ठरवतं आणि पाटकरी देतो. खांद्यावर फावडं घेऊन आजोबा पाटाच्या कडेने चालायचे, मी मागे. एक दार उघडायचे, पाणी सऱ्यांमधून शेवटापर्यंत जाऊ द्यायचे, मग चिखलाचा बांध घालून ते बंद करायचे आणि पुढचं उघडायचे. एकामागून एक, अगदी बुटाच्या कप्प्यांसारखं. फक्त आजोबा प्रत्येक दारापाशी थांबायचे. पाण्यात पाय घालून उभे राहायचे, शेवटच्या सरीकडे बघायचे, कधी शेतातल्या माणसाला हाक मारायचे: "पोचनं का?" त्याचं उत्तर येईपर्यंत फावडं हलायचं नाही. यंत्राला दारं माहीत आहेत, क्रम माहीत आहे, वेळ माहीत आहे. 'पोचनं का' विचारायचं काम ते करत नाही. ते काम त्या दुपारी माझं होतं, आणि मी गच्चीवर होते.

डॉक्टरांनी शेवटी एक लहानशी तपासणी केली. एका दांडीला लावलेला नायलॉनचा जाडसर धागा. तो पायाला टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. मायला बारा वर्षांपासून शुगर आहे. तिला म्हणाले, "आजी, डोळे मिटा. धागा लागला असं वाटलं की हो म्हणा." मायने डोळे मिटले. धागा टाचेला टेकला. "हो." बोटाखाली. "हो." मग त्यांनी धागा हवेतच धरला, कुठेही टेकवला नाही. माय म्हणाली, "हो." अंगठ्याखाली चांगला वाकेपर्यंत दाबला, ती गप्प. मग जरा थांबून, अंदाजाने, "हो." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. माय डोळे मिटून, मान जराशी पुढे करून, वर्गात धडा म्हणणाऱ्या मुलीसारखी बसली होती. तिला वाटत होतं, हो म्हटलं की बरोबर.

दोन्ही अंगठ्यांखाली आणि चवड्यापाशी तिची संवेदना कमी झाली होती. म्हणजे चाळीसला 'काही नही' आणि साठला 'काही नही' हे खरंच होतं, तिला तळव्याला फारसं कळत नव्हतं. आणि मी ते सहनशक्ती समजून आकडा वाढवत होते. पण पोटरीला तर कळत होतं. मांडीला कळत होतं. साडीच्या चुण्या रुतत होत्या, घाम फुटला होता, ते सगळं तिला कळत होतं. न कळणं आणि न सांगणं, दोन्ही तिच्या पायांत एकत्र होतं, आणि कुठलं कुठे संपतं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तिच्या पिढीच्या किती बायका अशा आहेत! दाताचं दुखणं गाल सुजेपर्यंत सांगणार नाहीत, गर्भाशय अंगाबाहेर येईपर्यंत सांगणार नाहीत. विचारलं तर म्हणतील, तुम्ही कामात होता. मला राग येतो. कोणाचा, ते ठरवता येत नाही.

बूट सुरू ठेवायचे का, यावर डॉक्टर जरा थांबले. सुन्न पायाला सांभाळूनच, म्हणाले. दाब ३० च्या वर नाही, वेळ २० मिनिटं, जवळ कोणीतरी सबंध वेळ बसलेलं, आणि रोज पाय नीट उजेडात बघायचे. एवढं जमणार असेल तर करा, नाहीतर रोजचं चालणं आणि पाय उशीवर ठेवणं पुरे. हा दाब तिच्यासाठी ठरवला आहे, शेजारणीला सांगू नका, हेही बजावलं. ते बरं केलं, कारण शेजारच्या वहिनी दुसऱ्याच दिवशी विचारायला आल्या होत्या.

मग घरात हळूहळू एक रीत बसत गेली. आधी बाथरूमला जाऊन यायचं, कारण पायातलं पाणी वर चढलं की थोड्या वेळाने लघवीला लागतंच, आणि बूट घालून उठायचा प्रयत्न केला तर म्हातारं माणूस फरशीवरून सरळ घसरतं. बूट घालून एक पाऊलही टाकायचं नाही. मग साडीचा प्रश्न. साडी आणि परकर बुटात गोळा होतात, त्यांच्या चुण्या रुततात; उघड्या पायाला आतलं कापड घामाने चिकटतं, घासतं. मी माझी सलवार पुढे केली. माय ऐकेना, या वयात सलवार कशी घालू. दोन दिवस अडून राहिली. तिसऱ्या दिवशी आप्पांनी काही न बोलता आपला धुतलेला पांढरा सुती पायजमा आणून दिवाणावर ठेवला. तो तिने घातला, वरून साडी तशीच. पायजम्याची नाडी सैल, कापड पोटरीवर हाताने सपाट केलेलं, पायात पातळ सुती मोजे, मोज्यांची शिवण बोटावर येणार नाही असे. चेन लावल्यावर वरच्या कडेतून माझी दोन बोटं सहज आत जातात का ते मी बघते. पाय उशीवर जरा उंच, गुडघ्याखाली पोकळी राहणार नाही असे. पाठ टेकलेली. झोप लागू द्यायची नाही.

टाचांच्या भेगा हा वेगळा विषय आहे. आयुष्यभर काळ्या मातीत अनवाणी चाललेल्या पायांच्या भेगा साबणाने जात नाहीत. त्यांतली एखादी लाल झाली, तिच्याभोवती गरम लागलं, अंगात कसर आली तर बूट त्या दिवशी कपाटातच. जंतू पायात असताना पाय दाबायचा नाही. गेल्या पावसाळ्यात असं एकदा झालं, पाच दिवसांचं औषध झालं, आणि सगळं कोरडं होऊन डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच पुन्हा सुरू केलं. खोबरेल तेल रात्री लावते, बूट काढल्यावर, आधी नाही; तेलाने बुटाच्या आतलं कापड चिकट होतं आणि वास धरतं. बूट आतून ओल्या फडक्याने पुसून, उघडे करून, सावलीत. उन्हात टाकले तर प्लास्टिक कडक होऊन कप्पे तडकतात, धुळ्याच्या उन्हात तर लवकरच.

नळी कशी उपटायची ते आता घरातल्या सगळ्यांना येतं. माझ्या नऊ वर्षांच्या मुलालाही. नळीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खुट्या आहेत, त्या एकदम दाबायच्या आणि ओढायचं. महिन्यातून एकदा मी मुद्दाम बूट भरलेले असताना यंत्राची पिन काढते आणि मुलाला म्हणते, "लाईट गेली!" तो धावतो. त्याला हा खेळ वाटतो. मायला आधी हसू यायचं, आता तीही हात लांब करून नळी शोधते. बसल्या जागी हाताला लागेल अशी ती ठेवलेली असते. इन्व्हर्टर घेतला, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही. बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही, पण उपटलेल्या नळीतून हवा जायची राहत नाही.

राहता राहिली जोडवी.

ती काढायला मायने साफ नकार दिला. नवरा समोर बसलेला असताना जोडवी कशी उतरवायची. पन्नास वर्षांत ती फक्त माझ्या आणि भावाच्या बाळंतपणात आणि एका ऑपरेशनच्या वेळी निघाली होती, आणि तेव्हाही तिने ती नणंदेच्या पदराला बांधून ठेवली होती. मी समजावलं, डॉक्टरांचं नाव घेतलं, त्या दुपारचं काळसर बोट आठवून दिलं. तिला सगळं पटत होतं आणि हात जोडव्यांकडे जात नव्हता. शेवटी आप्पा उठले. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसायला त्रास होतो. तरी ते दिवाणाला धरून खाली बसले, तिचा पाय मांडीवर घेतला, बोटाला साबणाचं पाणी लावलं आणि जोडवी फिरवत फिरवत काढली. एक, मग दुसरं. जोडव्याखालची कातडी पांढरी आणि मऊ, लहान बाळाच्या बोटासारखी. माय छताकडे बघत होती. मी आत चहा ठेवायला गेले. तिथे थांबणं मला योग्य वाटलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी वीस मिनिटं जोडवी आप्पांच्या मुठीत असतात. देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, वाटीत ठेवत नाहीत. खुर्ची दिवाणाला लावून बसतात, डाव्या मुठीत जोडवी, उजव्या हातात यंत्राचं रिमोट. बुटाचा आवाज सुरू होतो, सूं... आणि मग फुस्स. दर पाच मिनिटांनी मी विचारायचे, "माय, ठीक?" ती म्हणायची, "ठीक." मला माहीत होतं, हे तेच 'हो' आहे, डोळे मिटून म्हटलेलं. म्हणून मी तिला हो-नाहीचा प्रश्न विचारणं सोडलं. "आत्ता कुठे आवळतंय?" असं विचारू लागले. त्याला 'ठीक' हे उत्तर बसत नाही. आधी ती गडबडली, मग म्हणू लागली, पोटरीला. मांडीला. आता घोट्यापाशी. आप्पाही तेच विचारू लागले, त्यांच्या पद्धतीने: "आते कोठे पोचनं?" ते आजोबांचं होतं, त्यांना माहीत नसताना त्यांच्या तोंडात आलेलं.

बूट काढले की मी तिच्या अंगठ्याचं नख दाबते. पांढरं होतं. सोडते. एक, दोन म्हणेपर्यंत गुलाबी परत येतो. मग पोटरीवरून हात फिरवून बघते, कुठे वळ आहे का, कुठे लाल आहे का. हे करताना माझा हात आपोआप दाबायला लागतो. यंत्राने वीस मिनिटं दाबून झालेलं असतं, मी आणखी दोन मिनिटं दाबते. याला वैद्यकात काही अर्थ नसेल. बुटाने शिरांच्या झडपाही दुरुस्त होत नाहीत. सकाळी उठल्याबरोबर दाबाचे घट्ट पायमोजे आणि संध्याकाळचं चालणं चुकलं की घोटा पुन्हा जाड होतो. पण सूज उतरलेल्या दिवशी घोट्याचं हाड हाताला लागतं. मायच्या पायाला हाड आहे, हे मी कित्येक वर्षं विसरले होते.

गेल्या महिन्यात, आखाजीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी असेच बसलो होतो. लाईट होती, कूलर चालू होता, मुलगा दारात झोका घेत होता. मी कोथिंबीर निवडत होते, लक्ष अर्धं तिकडे. तिसऱ्यांदा कप्पे भरत होते. आणि मायने डोळे मिटले, डावा हात उचलला, बुटाच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली बोट टेकवलं.

"आठे दुखस," ती म्हणाली.

कोणी विचारलं नव्हतं. आवाज बारीक होता. आप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रिमोट डोळ्यांजवळ नेलं, वजाचं चिन्ह शोधलं, आणि जोडव्यांची मूठ न उघडता अंगठ्याने ते दाबलं.